रांग रिकामी, तरीही कोंडी

विचारणारे चौघे विद्यार्थी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: ‘फिरत्या बिनतारी नेटवर्कवर आमचा प्रकल्प आहे. टॉवर नाही, प्रत्येक नोडच, म्हणजे प्रत्येक रेडिओच, दुसऱ्याची पॅकेट (डेटाचे तुकडे) पुढे पाठवतो. एनएस-२ या सिम्युलेटरमध्ये आम्ही एओडीव्ही ही मार्ग शोधायची (राउटिंगची) पद्धत बदलली. टप्प्यांची संख्या बघण्याऐवजी वाटेतल्या नोडच्या रांगेत किती पॅकेट साचलीत ते बघतो आणि कमी गर्दीचा मार्ग घेतो. १००० बाय १००० मीटरच्या मैदानात २५ नोड आणि १० प्रवाह असताना थोडा फायदा दिसला. ५० नोड, २० प्रवाह केल्यावर मात्र मूळ एओडीव्हीपेक्षा वाईट निकाल येतोय. रांग ५० पॅकेटवरून २०० केली तरी फरक नाही. चुकतंय कुठे?’

कोडमध्येही चूक असणार, आणि कुठली असेल याचा मला अंदाज आहे. पण आधी गृहीतकाबद्दल बोलू. तुम्ही कोंडी नोडच्या रांगेत शोधताय. तारेच्या नेटवर्कमध्ये ते चालतं, कारण तिथं प्रत्येक तार स्वतंत्र असते आणि तार कमी पडली की तिच्या तोंडाशी रांग वाढते. बिनतारीत तार नाहीच. हवा आहे, आणि ती जुन्या वाड्यातल्या एकुलत्या एक नळासारखी सगळ्या बिऱ्हाडांची सामाईक आहे. तुमच्या घरात एकच कळशी भरायची राहिली असेल, पण नळावर शेजारच्यांच्या आठ घागरी लागल्या असतील तर तुमची एक कळशीही तासभर तशीच राहते. घरातल्या कळश्या मोजून नळावरची गर्दी कळत नाही.

मला स्वतःला हे पटलं ते वेताळ टेकडीवर. नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती. आम्ही तीन रेडिओ घेऊन चाचणीला गेलो. एक पंचवटीच्या बाजूला खाली, एक कोथरूडच्या उतारावर, आणि तिसरा वर, वेताळाच्या देवळाजवळ झाडाला बांधलेला. खालच्या दोघांमध्ये अख्खी टेकडी आडवी, त्यामुळे ते एकमेकांना ऐकू शकत नव्हते. वरच्याला दोघंही स्वच्छ ऐकू येत होते. एकेकटा पाठवायचा तेव्हा सगळं सुरळीत. दोघं एकदम पाठवू लागले की दोघांचंही बसायचं. माझा सहकारी म्हणाला, ‘वरच्याची रांग भरली असणार, वाढवू या.’ लॅपटॉप लावून बघितलं तर वरच्या नोडच्या रांगेत एक-दोन पॅकेट. बराच वेळ तर शून्य. खालच्या दोघांच्या रांगा मात्र काठोकाठ.

कारण उघड होतं, फक्त आम्हाला ते दिसायला दुपार झाली. खालचे दोघं एकमेकांचं ऐकू शकत नसल्याने ‘हवा मोकळी आहे’ असं समजून एकाच वेळी बोलत होते, आणि वरच्याच्या कानाशी दोघांचे आवाज एकमेकांत मिसळत होते. त्याच्यापर्यंत धड पॅकेटच पोचत नव्हतं, मग रांगेत साचणार काय? याला लपलेल्या नोडची अडचण म्हणतात, पुस्तकात तुम्ही वाचली असेल. पण तिचा राउटिंगशी असलेला संबंध पुस्तकं सहसा सांगत नाहीत: त्या नेटवर्कमधला सगळ्यात गांजलेला नोड तुमच्या मोजमापात ‘सगळ्यात मोकळा’ दिसला असता, आणि तुमच्या राउटिंगने आणखी ट्रॅफिक त्याच्याच अंगावर टाकली असती.

आता तुमचं मैदान घ्या. एनएस-२ च्या नेहमीच्या रेडिओ मॉडेलमध्ये पॅकेट २५० मीटरपर्यंत समजतं, पण त्याची कुजबूज ५५० मीटरपर्यंत ऐकू येते आणि तेवढ्या अंतरातले सगळे गप्प बसतात. १००० मीटरच्या चौकोनाच्या मधोमध उभं राहून ५५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. मैदानाचा जवळजवळ ९० टक्के भाग त्यात येतो. म्हणजे मधला कुठलाही नोड बोलला की जवळपास सगळं मैदान थांबतं. अशा जागी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर ट्रॅफिक हलवणं म्हणजे एकाच खोलीत खुर्ची बदलणं झालं. २५ नोडना जो थोडा फायदा दिसला, तो किती वेगवेगळ्या सीडवर (सिम्युलेशनच्या यादृच्छिक सुरुवातींवर) तपासलात? एक-दोनच असतील तर तो फायदा आहे असं मी धरणार नाही.

शिवाय तुमचे नोड बहुधा ‘रँडम वेपॉइंट’ पद्धतीने फिरतात, म्हणजे कुठलीही जागा निवडायची, तिथवर सरळ जायचं, मग पुढची निवडायची. त्यात नोड हळूहळू मैदानाच्या मध्यभागी दाटतात, ही या मॉडेलची माहीत असलेली खोड आहे. सगळ्यात कमी टप्प्यांचे मार्गही मध्यातूनच जातात. थोडक्यात, तुम्ही स्वतःच पेठा वसवल्यात आणि आता तिथं गर्दी का म्हणून विचारताय. आणखी एक, कमाल वेग २० मीटर प्रति सेकंद ठेवला असेल तर तो ताशी ७२ किलोमीटर होतो. लक्ष्मी रोडवर या वेगाने कोण जातं ते मला एकदा बघायचंय.

मैदान २००० बाय २००० करा आणि नोड १००. घनता तुमच्या २५ नोडच्या प्रयोगाएवढीच राहील, पण हवेचे निरनिराळे भाग पडतील. मार्ग बदलून काही साधतं का हे तिथंच कळेल.

पण तिथेही फार आशा ठेवू नका. २००० साली गुप्ता आणि कुमार यांनी दाखवलं की अशा नेटवर्कमध्ये नोडची संख्या ‘एन’ वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी क्षमता एन गुणिले लॉग एनच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. २५ वरून ५० वर गेलात तर प्रत्येकाचा वाटा साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, राउटिंग कितीही हुशार असो. त्यात तुम्ही नोडबरोबर प्रवाहही दुप्पट केलेत, म्हणजे कोणामुळे काय झालं ते वेगळं काढायची सोय उरली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय, पण दरवर्षी नव्या प्रकल्पात तेच.

दोन समांतर मार्गांवरून ट्रॅफिक वाटायची कल्पनाही तुमच्या डोक्यात येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि सगळे लकडी पुलाकडे नाहीतर झेड ब्रिजकडे वळतात. नकाशावर हे वेगवेगळे पूल आहेत, एकमेकांना कुठे शिवतही नाहीत. पण पलीकडे सगळ्यांची तोंडं डेक्कनलाच उघडतात. बिनतारीत ‘एकही नोड सामाईक नसलेले दोन मार्ग’ नेमके असेच असतात. नोड वेगळे, हवा एकच. दोन मार्ग ५५० मीटरच्या आत असतील तर ते वेगळे मानू नका. आणि दोन्हींची सुरुवात आणि शेवट एकाच नोडशी असल्यामुळे टोकांना तर ते कधीच वेगळे नसतात.

मार्ग वेगळा काढण्याचं सोडा, एकच सरळ साखळीसुद्धा स्वतःचीच कोंडी करते. पहिल्या टप्प्यावर पॅकेट जात असताना दुसरा, तिसरा आणि चौथा टप्पा गप्प असतो. आदर्श परिस्थितीत लांब साखळीला रेडिओच्या क्षमतेचा एक चतुर्थांश मिळायला हवा. एमआयटीच्या मंडळींनी २००१ मध्ये ८०२.११ चं, म्हणजे वायफायच्या मानकाचं, सिम्युलेशन करून बघितलं तर तो एक सप्तमांशाच्या आसपास आला. तुमचे प्रवाह याहून जास्त ओतत असतील तर तो प्रश्न राउटिंगच्या हातातला उरत नाही. आधी हा हिशेब कागदावर करा.

आता कोड.

एओडीव्हीत मार्ग शोधायची विनंती, म्हणजे आरआरईक्यू, पूर पसरावा तशी पसरते. प्रत्येक नोड एका विनंतीची पहिली प्रत पुढे पाठवतो आणि नंतरच्या प्रती ओळख क्रमांक बघून फेकून देतो. एनएस-२ च्या कोडमध्ये ही तपासणी विनंती हाताळणाऱ्या फंक्शनच्या सुरुवातीलाच आहे. तुम्ही विनंतीत रांगेची बेरीज टाकलीत, शेवटी तुलनाही केलीत, पण ती तपासणी तशीच ठेवली असेल तर तुलना करायला दुसरी प्रत येतच नाही. जी पहिली पोचली तीच जिंकते. दहापैकी आठ प्रकल्पांत मला हीच चूक सापडते.

त्यात भर म्हणजे एनएस-२ ची नेहमीची ‘प्रायक्यू’ रांग राउटिंगच्या पॅकेटना पुढे काढते. डेटाची ४० पॅकेट ताटकळत असली तरी विनंती त्यांच्या डोक्यावरून निघून जाते. त्यामुळे ‘जी आधी पोचली ती कमी गर्दीच्या वाटेने आली’ हेही खरं राहत नाही.

यावर उपाय म्हणून सगळ्या प्रती पुढे पाठवू नका, त्याने पूर आणखी वाढेल. त्याऐवजी प्रत्येक नोडने विनंती पुढे पाठवण्याआधी स्वतःच्या भोवतालची हवा जितकी व्यस्त तितका वेळ ती रोखून धरावी. मोकळा नोड लगेच पाठवतो, गांजलेला थांबून पाठवतो, आणि मग पहिली पोचलेली प्रत आपोआप मोकळ्या वाटेची निघते. बाकी प्रोटोकॉलला हात लावावा लागत नाही. फक्त रोखायचा वेळ आवाक्यात ठेवा. एओडीव्हीची व्याख्या करणाऱ्या आरएफसी ३५६१ मध्ये एका नोडमधून पार होण्याचा अंदाजी काळ ४० मिलिसेकंद धरलाय आणि सगळे टाइमआउट त्यावर बेतलेत. तुम्ही प्रत्येक नोडवर १०० मिलिसेकंद थांबलात तर उत्तर यायच्या आत विचारणारा दुसरी विनंती सोडेल. मी १० ते १५ च्या पुढे जात नाही. ‘फक्त अंतिम नोडनेच उत्तर द्यावं’ हा झेंडाही विनंतीत लावा, नाहीतर मधलाच एखादा नोड शिळ्या माहितीवर उत्तर देऊन मोकळा होतो.

गांजलेल्या नोडने विनंती गिळूनच टाकावी असंही काही जण करतात. करू नका. तो नोड दोन भागांना जोडणारा एकमेव दुवा असेल तर नेटवर्क विनाकारण तुटतं.

व्यस्तता मोजायची कशी? रेडिओ ठरावीक वेळात किती काळ स्वतः पाठवत होता, ऐकत होता किंवा दुसऱ्याच्या आवाजामुळे थांबला होता, याची टक्केवारी काढा. एनएस-२ मध्ये मॅकच्या (हवेत कधी बोलायचं ते ठरवणाऱ्या थराच्या) स्थितीवरून ती मोजता येते. खऱ्या लिनक्स रेडिओवर ‘आयडब्ल्यू’ कमांडच्या ‘सर्व्हे डंप’मध्ये चॅनेल किती वेळ चालू होता आणि किती वेळ व्यस्त, हे बऱ्याच ड्रायव्हरमधून थेट मिळतं. टेकडीवरच्या नोडवर हा आकडा बघितला असता तर आमची दुपार वाचली असती.

पण तुमचा ५० नोडचा निकाल मुळापेक्षाही वाईट का, याचं माझ्या मते खरं कारण यापुढचं आहे. पॅकेटची टक्कर झाली की मॅक पुन्हा प्रयत्न करतो. आरटीएस (पाठवण्याआधीचा ‘बोलू का?’ हा छोटा संदेश) सलग ७ वेळा वाया गेला की हात टेकतो आणि वर एओडीव्हीला कळवतो की शेजारी गेला. शेजारी कुठेही गेलेला नसतो, तिथंच असतो, फक्त गोंगाटात त्याला ऐकू आलेलं नसतं. एओडीव्ही मात्र ते खरं मानतं, मार्ग तुटल्याची बातमी मागे पाठवतं, आणि उगमाचा नोड नव्याने विनंतीचा पूर सोडतो. ५० नोड म्हणजे जवळपास ५० प्रसारणं. ही प्रसारणं आरटीएसशिवाय, पोचपावतीशिवाय आणि पायाभूत कमी वेगाने जातात, म्हणजे हवा जास्त वेळ अडवतात. त्यातून आणखी टकरी, आणखी खोटे तुटलेले दुवे, आणखी पूर. तुमच्या बदलामुळे मार्ग आणखी वारंवार बदलत असतील तर या चक्राला तुम्हीच वारा घालताय.

हे तपासायला ट्रेस फाइल (सिम्युलेटरची पॅकेटगणिक नोंद) उघडा. थ्रूपुटचा (सेकंदाला किती डेटा पोचला त्याचा) आलेख नंतर काढा, आधी पॅकेट कशामुळे मेली ते मोजा. आयएफक्यू असेल तर रांग भरली. सीओएल म्हणजे टक्कर. आरईटी म्हणजे प्रयत्न संपले, एनआरटीई म्हणजे मार्गच नाही, सीबीके म्हणजे मॅकने दुवा तुटल्याचं कळवलं. पैज लावतो, आयएफक्यूचा आकडा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघेल. मग सीबीकेची प्रत्येक नोंद घ्या आणि त्या क्षणी ते दोन नोड खरोखर २५० मीटरच्या बाहेर होते का ते स्थानांवरून बघा. सिम्युलेशनमध्ये ही चैन आहे, खऱ्या मैदानावर ती मिळत नाही. जितके वेळा ते आतच होते, तितके खोटे तुटलेले दुवे.

उपाय म्हणजे एका अपयशावर दुवा मेला असं जाहीर करू नका. गेल्या सेकंदाभरात त्या शेजाऱ्याचं काहीही ऐकू आलं असेल, हॅलो (‘मी आहे’ सांगणारा नेमाचा संदेश) असो की दुसऱ्याला पाठवलेलं पॅकेट, तर तो जिवंत आहे. थांबा, पुन्हा पाठवा. आणि पूर आवरायला १९९९ सालचा एक जुना, स्वस्त उपाय आहे. तैवानमधल्या संशोधकांनी हिशेब केला की शेजाऱ्याचं प्रसारण तुम्ही पुन्हा केलंत तर नव्याने झाकला जाणारा भाग जास्तीत जास्त ६१ टक्के असतो, सरासरी ४१. तेच प्रसारण चार वेळा ऐकल्यावर तुमच्याने जेमतेम ५ टक्क्यांहूनही कमी भर पडते. म्हणून विनंती आली की क्षणभर थांबायचं, तीन-चार वेळा ऐकू आली तर गप्प बसायचं. १००० मीटरच्या मैदानात ५० नोड म्हणजे प्रत्येकाला सरासरी नऊ-दहा शेजारी, तिथं हा उपाय चांगला लागू पडतो. विरळ नेटवर्कमध्ये जपून.

मार्ग सारखा बदलण्याबद्दल एक जुनी गोष्ट. इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटने १९७९ मध्ये मोजलेल्या विलंबावर मार्ग ठरवायला सुरुवात केली. भार हलका असताना छान चाललं. भार वाढल्यावर देशाच्या दोन भागांना जोडणाऱ्या दोन लाइन असतील तर सगळी ट्रॅफिक मोकळ्या लाइनवर उडी मारायची, ती भरायची, मग सगळी परत पहिलीवर. एक तुंबलेली, दुसरी रिकामी, आळीपाळीने. १९८७ मध्ये मोजमाप बदललं: किंमत सरासरीने गुळगुळीत केली, तिला कमाल मर्यादा घातली, आणि एका वेळी ती किती बदलेल यावर लगाम लावला. तुमच्या कोडमध्ये या तिन्ही गोष्टी नसतील तर घाला. चालू मार्गापेक्षा नवा मार्ग थोडाथोडका नव्हे, ठसठशीत चांगला असेल तरच बदला. नकाशाच्या ॲपने शेकडो जणांना एकदम लॉ कॉलेज रोडचा ‘मोकळा’ रस्ता सुचवल्यावर काय होतं ते तुम्ही रोज बघताच.

रांग २०० का करू नये, तेही सांगतो. २ एमबीपीएसच्या रेडिओवर साखळीला एक सप्तमांश धरला तर सुमारे २८५ केबीपीएस मिळतात. ५१२ बाइटची ५० पॅकेट साचली तर शेवटच्याला पाऊण सेकंदाच्या आसपास थांबावं लागतं. २०० केलीत तर जवळजवळ तीन सेकंद. एओडीव्हीत न वापरलेला मार्गच तीन सेकंदांनी शिळा धरतात! तेवढ्या वेळात पुढचा नोड हलला की रांगेतली सगळी पॅकेट पत्ता बदललेल्या घराची पत्रं होतात. मी उलट रांग छोटी ठेवतो आणि जुनी पॅकेट आधी टाकतो.

प्रवाह टीसीपीचे, म्हणजे पोचपावती बघून वेग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलचे, असतील तर खेळ वेगळाच. टीसीपीचं कोंडी-नियंत्रण १९८६ च्या अनुभवातून आलं, जेव्हा बर्कलीत जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ केबीपीएसवरून ४० बिट प्रति सेकंदावर घसरला होता. तेव्हापासून टीसीपी पॅकेट हरवलं की कोंडी समजतं. तारेत ते बहुतेक वेळा खरं असतं. इथं नोड हलल्यामुळे मार्ग तुटला तरी ते वेग कमी करतं, टाइमआउट दुप्पट-चौपट करत जातं, आणि नवा मार्ग सापडल्यावरही झोपून राहतं. मार्ग तुटल्याची बातमी टीसीपीपर्यंत पोचवून त्याला नुसतं थांबवून ठेवायचं, ही १९९९ सालची सूचना अजूनही उत्तम आहे. आणि खिडकीला (पोचपावतीची वाट न बघता सोडायच्या पॅकेटच्या संख्येला) मर्यादा घाला: साखळीसाठी टप्प्यांच्या एक चतुर्थांशाच्या आसपास. आठ टप्पे असतील तर दोन पॅकेट. एका ओळीचा बदल आहे, आणि तुमच्या सगळ्या राउटिंगपेक्षा जास्त फरक पाडण्याची शक्यता आहे. वाईट वाटून घेऊ नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की खरी चाचणी मोबाइलवर घेता येईल का. साध्या अँड्रॉइड फोनवर वायफायचा ॲड-हॉक मोड (फोन-ते-फोन थेट जोडणी) मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारे चार-पाच स्वस्त राउटर घ्या, त्यावर नोडनोडांतून पॅकेट पुढे नेणारं बॅटमॅन किंवा ८०२.११एस चालवा, बारा व्होल्टची बॅटरी जोडा. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये घेणार असाल तर पाठवण्याची पॉवर अगदी खाली आणा, नाहीतर सगळे एकाच टप्प्यात येतील, आणि २.४ गिगाहर्ट्झ सोडा, तिथं हॉस्टेलचे शंभर वायफाय आधीच बसलेत. टेकडीवर जाणार असाल तर सकाळी लवकर जा. वरच्या नोडला लॅपटॉप लावून ठेवा, आणि खालचे दोन्ही सुरू केल्यावर रांग आणि चॅनेलची व्यस्तता हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा. त्या दोन ओळींचा फोटो अहवालात पहिल्या पानावर लावला तरी चालेल.